क्वाड ३३ चा एक चॅनल सारखा जातो-येतो: बिघाड शोधायचा कसा?

लक्षण साधारण असं असतं. प्रीअॅम्प (पॉवर अॅम्पच्या आधीचा, इनपुट निवडायचा आणि आवाज कमी-जास्त करायचा डबा) चालू केला की दोन्ही बाजू छान वाजतात. थोड्या वेळाने, कधी दुसऱ्या दिवशी, डावीकडचा आवाज आधी पातळ होतो, मग खरखरतो आणि जातो. एखादं बटण दाबून सोडलं, व्हॉल्यूम झटकन फिरवला किंवा खोक्यावर थापटी मारली की परत येतो. मेकॅनिककडे नेलं तर तिथे दिवसभर काही होत नाही. तो बटणांवर स्प्रे मारून देतो, घरी आणल्यावर काही आठवडे बरे जातात आणि पहिल्या जोरदार पावसात पुन्हा तेच.

हे इतक्या जणांच्या बाबतीत घडतं याचं कारण मला स्पष्ट दिसतं. थापटीने, बटणाने किंवा झाकण उघडून बोर्ड हलवल्याने आवाज परत येतो, आणि आपण समजतो की जे केलं त्यानेच दुरुस्त झालं. प्रत्यक्षात धक्का सगळ्याच जोडांना बसलेला असतो. नेमका कुठला जोड सुटत होता हे कळलेलंच नसतं. म्हणून या दुरुस्तीचा एकच नियम मी सगळ्यांना कळकळीने सांगतो: आवाज गेलेला असताना शोधा. आवाज परत आला की हात थांबवा आणि तो पुन्हा जायची वाट बघा. साफसफाई, स्प्रे, सोल्डर हे सगळं नंतर.

ज्यांना या यंत्राची फारशी माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्वाड ३३ हा इंग्लंडमधल्या हंटिंग्डनच्या अकूस्टिकल मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा प्रीअॅम्प. पीटर वॉकर यांची ही कंपनी. १९६७ साली ३३ आणि त्याच्या जोडीचा ३०३ हा पॉवर अॅम्प बाजारात आला. त्याआधीचा क्वाड २२ व्हॉल्व्हवर चालायचा, ३३ ट्रान्झिस्टरवर. १९८२ पर्यंत तो बनत राहिला. आज हातात येणारा कुठलाही जुना ३३ चाळिशी ओलांडलेला आहे, बरेचसे पन्नाशीच्या पुढे गेलेत. एवढ्या वर्षांनी संपर्काच्या जागा काळवंडल्या तर त्यात बनवणाऱ्याचा दोष नाही. उलट आतले बोर्ड सॉकेटमधून ओढून काढता येतात, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्यावर त्याने उपकारच केले आहेत. पण तीच सोय इतक्या वर्षांनी त्याची दुखरी जागा झाली आहे, कारण जितके ओढून काढता येणारे जोड, तितक्या संपर्काच्या जागा. मुंबईची किंवा कोकणातली दमट हवा त्यात भर घालते.

प्रीअॅम्पमध्ये हा त्रास पॉवर अॅम्पपेक्षा जास्त का होतो, हे एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईमागच्या मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल ३ ते ५ मिलिव्होल्टचा. ट्यूनरच्या इनपुटला १०० मिलिव्होल्ट पुरतात. करंट तर नगण्यच. धातूवर काळपट पापुद्रा धरला तर तो फोडून पलीकडे जायला थोडं तरी व्होल्टेज लागतं. स्पीकरच्या वायरीत ते भरपूर असतं, प्रीअॅम्पच्या इनपुटला जवळजवळ नसतं. बटण दाबल्यावर जो बारीक ‘टक्’ होतो, तेवढ्या धक्क्याने पापुद्रा तात्पुरता फुटतो आणि आवाज येतो. पापुद्रा तिथेच असतो, काही दिवसांनी पुन्हा बंद होतो.

आधी बाहेरचं तपासा

झाकण उघडण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात. मला दाखवलेल्या यंत्रांपैकी बऱ्याच वेळा दोष यातच सापडला आहे.

पहिली, केबल. ३३ ला डिन सॉकेट (अनेक पिनांची, गोल) आहेत, आपल्या आजच्या उपकरणांना आरसीए (एकेका चॅनलची साधी लाल-पांढरी). मधली केबल कुणीतरी बनवून दिलेली असते. डिनच्या नेहमीच्या क्रमात २ नंबरची पिन ग्राउंड, ३ डावा, ५ उजवा, आणि टेपवर रेकॉर्ड करायला १ आणि ४. मिडीची (इलेक्ट्रॉनिक वाद्यं जोडायची) तयार केबल कापून ऑडिओची केबल बनवायचा मोह अनेकांना होतो, कारण प्लग तोच असतो. पण मिडीला २, ४ आणि ५ एवढ्याच पिना लागतात, आणि बऱ्याच केबलींत १ आणि ३ ला तारच नसते. मग डावी बाजू कायमची मुकी राहते आणि माणूस बिचारा प्रीअॅम्प उघडून बसतो. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (तार सलग आहे का हे दाखवणाऱ्या जागी) ठेवून प्रत्येक पिन तपासा, आणि तपासताना केबल प्लगच्या मुळाशी वाकवत राहा. तार तुटते ती तिथेच.

दुसरी, डावं-उजवं बदलून पाहणं. आधी प्रीअॅम्प आणि पॉवर अॅम्पच्या मधल्या तारांची अदलाबदल करा. गेलेला आवाज डावीकडून उजवीकडे आला, तर दोष प्रीअॅम्पमध्ये किंवा त्याच्या अलीकडे आहे. डावीकडेच राहिला, तर पॉवर अॅम्प, स्पीकर किंवा त्यांची तार. मग इनपुटला तेच करा. एवढं केल्याशिवाय स्क्रूड्रायव्हरला हात लावू नये. आणि तारा काढता-घालताना पॉवर अॅम्प बंद ठेवा, नाहीतर स्पीकरला जोरदार धक्का बसतो.

तिसरी गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. सीडी प्लेअर किंवा आजचा डॅक (डिजिटल सिग्नलचा अॅनालॉग करणारा डबा) साधारण २ व्होल्ट देतो. ३३ च्या रेडिओ इनपुटला त्याच्या वीसाव्या हिश्शात पूर्ण आवाज मिळतो. त्यामुळे व्हॉल्यूम जरा उघडला की घर दणाणतं, आणि सगळं ऐकणं पॉटच्या (व्हॉल्यूमच्या फिरत्या रेझिस्टरच्या) अगदी सुरुवातीच्या टोकाला होतं. जुन्या जोडपॉटच्या दोन्ही पट्ट्या त्या टोकाला सारख्या चालत नाहीत. एक बाजू बारीक राहते, जरा पुढे फिरवलं की बरोबरीने येते. हा बिघाडच नव्हे. डिन प्लगच्या जवळ प्रत्येक चॅनलला २२ किलोओहम सिरीजमध्ये आणि त्यानंतर २.२ किलोओहम ग्राउंडला लावा. २ व्होल्टचे साधारण ०.१८ व्होल्ट होतात, पॉट मधोमध येतो, दोन्ही बाजू सारख्या होतात आणि इनपुटवरचा अनावश्यक ताणही जातो. चार रेझिस्टरचं हे काम आहे, पण ३३ वर सीडी ऐकणाऱ्या प्रत्येकाने ते करावं असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

आवाज गेलेला असताना आत शिरणं

आता दोष आतच आहे असं ठरलं. झाकण काढून यंत्र चालू ठेवायचं म्हणजे २३० व्होल्ट उघड्यावर येतात, हे विसरू नका. ट्रान्सफॉर्मर, फ्यूज आणि मेन्सच्या टोकांवर जाड पुठ्ठा किंवा टेप लावा, एक हात खिशात ठेवा. परदेशातून आलेलं यंत्र पहिल्यांदा लावत असाल तर मागचा व्होल्टेज सिलेक्टर कुठे आहे ते आधी पाहा. पहिल्यांदा चालू करताना ४० वॉटच्या साध्या बल्बचा सिरीज बोर्ड (मेन्स आणि यंत्र यांच्या मध्ये बल्ब) वापरा. तापणाऱ्या तारेचाच बल्ब हवा, एलईडी चालणार नाही.

सिग्नल म्हणून मोबाइलमधून ४०० हर्ट्झचा सलग टोन द्या, वाय केबलने दोन्ही चॅनलना एकच. चारशेच का, तर साधे मीटर एसीवर तेवढ्यापर्यंतच बरोबर दाखवतात. बाजारातला सगळ्यात स्वस्त पिवळा मीटर इथे कामाचा नाही. त्याचा एसीचा सगळ्यात लहान रेंजच २०० व्होल्टचा असतो. मिलिव्होल्ट किंवा निदान २ व्होल्टचा एसी रेंज असलेला मीटर हवा. तोही नसेल तर कॉम्प्युटरचा छोटा पॉवर्ड स्पीकर घ्या. त्याच्या इनपुटच्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा १०० व्होल्टवाला कॅपॅसिटर सिरीजमध्ये जोडून टोक पुढे काढा, ग्राउंड प्रीअॅम्पच्या ग्राउंडला लावा. झाला सिग्नल ट्रेसर.

मग अर्ध्यावर वार करायचा. मागून पुढे क्रमाने तपासत बसू नका. व्हॉल्यूम पॉटवर दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघा. तिथे डावा हजर असेल तर दोष पुढे, नसेल तर मागे. राहिलेल्या अर्ध्याचा पुन्हा अर्धा. चांगला चालणारा उजवा चॅनल शेजारीच आहे, तोच तुमचा सर्किट डायग्राम. प्रत्येक ठिकाणी दोन्हींची तुलना करत गेलं की तीन-चार मापांत जागा सापडते. ३३ वर एक हुकमी चाचणी झाकण न उघडताही होते. फिल्टरच्या ओळीतलं ‘कॅन्सल’ बटण टोन आणि फिल्टरचा भाग बाजूला काढतं. आवाज गेलेला असताना ते अगदी हळू दाबा आणि सोडा. दाबल्यावर आवाज येतो आणि सोडल्यावर प्रत्येक वेळी जातो, असं झालं तर त्याच भागाकडे बघा. एकदाच येऊन टिकून राहिला तर काही सिद्ध होत नाही, तो नुसता धक्का होता.

जागा साधारण कळली की पेन्सिलच्या मागच्या टोकाने एकेका बोर्डावर, एकेका सॉकेटवर हलकं टोचत जा. थापटी नव्हे. थापटीने सगळं हलतं आणि पुन्हा काही कळत नाही. एका ठिकाणी टोचलं की खरखर, दुसऱ्या ठिकाणी शांत, एवढा फरक बहुतेक वेळा मिळतो.

बहुतेक वेळा काय सापडतं

३३ च्या मागच्या बाजूला डिस्क (रेकॉर्ड प्लेअर) आणि टेपसाठी दोन छोट्या पाट्या खोचलेल्या असतात. ही फार हुशार योजना आहे. डिस्कची पाटी चौकोनी आहे आणि तिच्या कडांवर संपर्काच्या पट्ट्या आहेत. ती कुठल्या बाजूने आत खोचता त्यावर इनपुट मॅग्नेटिक कार्ट्रिजसाठी की सिरॅमिकसाठी हे ठरतं. म्हणजे सर्वांत नाजूक, काही मिलिव्होल्टचा सिग्नल या कडेवरच्या पट्ट्यांतून जातो. पाटी बाहेर काढून उजेडात तिरकी धरा. जी कड वर्षानुवर्षं आत होती तिच्यावर स्प्रिंगच्या टोकांनी ओढलेल्या बारीक रेघा दिसतील. रेघ चकचकीत असेल तर ठीक. रेघेच्या तळाशी तपकिरी किंवा काळा डाग, भोवती मळकट करडी कड, असं असेल तर तोच तुमचा पावसाळी बिघाड. फक्त डिस्कवर आवाज जातो आणि रेडिओवर कधीच नाही, असं असेल तर आधी इथेच या.

पाटी काढण्याआधी तिचा फोटो काढा. कुठली बाजू आत होती हे विसरलात तर उलटी खोचली जाते आणि नवीनच प्रश्न उभा राहतो.

साफ करायला पांढरा मऊ खोडरबर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. खोडरबर दोन-तीनदाच, पट्टीच्या लांबीच्या दिशेने. शाईचा कडक खोडरबर आणि पॉलिश पेपर मुळीच नको, वरचा मुलामा निघून तांबं उघडं पडतं आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट त्रास होतो. मग अल्कोहोलने पुसून शेवटी डीऑक्सिटसारख्या संपर्काच्या द्रवाचा अगदी पुसट हात. स्प्रेचा मारा कशावरच करू नका. थिनर आणि अॅसिटोन तर यंत्राच्या खोलीतही आणू नका. त्या काळच्या इक्वलायझेशन आणि फिल्टरच्या सर्किटांत पॉलिस्टायरीनचे पारदर्शक कॅपॅसिटर असतात, ते या द्रावणांनी विरघळतात.

पाटी स्वच्छ झाली म्हणजे अर्धं काम झालं. दुसरा अर्धा भाग सॉकेटमधल्या स्प्रिंगा, आणि तो बहुतेक जण विसरतात. इतकी वर्षं दाबून बसलेली पत्ती मागे गेलेली असते. भिंगातून बघा, एखादी शेजारणीपेक्षा मागे दिसली तर शिवणाच्या सुईने अगदी केसभर पुढे ओढा. जोर लावलात तर तुटेल आणि तसं सॉकेट मिळणं कठीण. आतल्या मोठ्या बोर्डांच्या कडा आणि सॉकेटही याच रीतीने, यंत्र बंद करून, एका वेळी एकच.

माझ्यापर्यंत आलेल्या एका ३३ मध्ये आधीच्या कुणी तरी बोर्डाच्या कडेवर सोल्डरचा थर चढवला होता, पट्टी जाड व्हावी म्हणून. काही दिवस ते चाललंही असणार. पण सोल्डर मऊ असतं, स्प्रिंग त्यात खड्डा पाडते, खड्ड्यात ऑक्साइड साठतं, आणि जाडीमुळे पत्ती कायमची मागे ढकलली जाते. तो थर विक (सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी) लावून, कमीत कमी उष्णतेने शोषून काढावा लागला आणि त्यानंतर प्रत्येक पत्तीला पूर्वीच्या जागी आणावं लागलं. हा उपाय कुणी सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा.

यानंतरचा संशयित म्हणजे डिन सॉकेटच्या मागचे सोल्डर जोड. प्लग खुपसताना आणि ओढताना सगळा जोर त्यांच्यावर येतो. भिंगातून पिनेभोवती बारीक गोल भेग दिसते. जुनं सोल्डर काढून नवीन लावा, नुसतं वरून वितळवू नका.

बटणांचे सरकते संपर्क मी मुद्दाम इतक्या उशिरा घेतो आहे, कारण सगळा स्प्रे तिथेच मारला जातो. बटणं खराब असतातच, पण त्यांची खूण वेगळी आहे: बटण अर्धवट दाबून बोटाने हलकंसं बाजूला रेटलं की आवाज जातो-येतो. तसं होत असेल तर द्रवाचा एक थेंब सळईच्या बाजूने आत सोडा आणि बटण वीस-तीस वेळा दाबा. घासण्यानेच ते साफ होतं, भिजवण्याने नाही.

आणि डाव्या-उजव्या बोर्डांची अदलाबदल? ती चाचणी उत्तम आहे, पण दोन्हींवरचे छापील क्रमांक जुळत असतील तरच, आणि तीही संपर्क साफ करण्याआधी एकदा आणि नंतर एकदा. साफ केल्यावरही दोष बोर्डाबरोबर पलीकडे गेला, तर तो खरंच त्या बोर्डावर आहे. ड्राय सोल्डर (नीट न धरलेला जोड), थकलेला कॅपॅसिटर किंवा ट्रान्झिस्टर.

कॅपॅसिटर बदलू का?

हा प्रश्न प्रत्येक जण सर्वांत आधी विचारतो. माझं मत ठाम आहे: जातो-येतो या लक्षणासाठी सगळे कॅपॅसिटर बदलू नका. वाळलेला कॅपॅसिटर आवाज कायमचा पातळ करतो, खर्ज हळूहळू निघून जातो, आणि थापटी मारून तो परत येत नाही. गळका कॅपॅसिटर वेगळंच दाखवतो, त्याची तपासणी सोपी आहे. व्हॉल्यूम पॉटच्या दोन टोकांत डीसी मोजा, सिग्नल न देता. जवळजवळ शून्य हवं. काही दहा मिलिव्होल्ट मिळाले तर पॉट फिरवताना येणारी खरखर पॉटची नाही, अलीकडच्या कपलिंग कॅपॅसिटरमधून (डीसी अडवून सिग्नल पुढे सोडणाऱ्या) डीसी गळतं आहे. अशा वेळी पॉटमध्ये कितीही क्लीनर ओता, खरखर जाणार नाही.

जे बदलायचे ते एका वेळी एकाच चॅनलचे बदला, म्हणजे दुसरा तुलनेला राहतो. किंमत तीच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, आणि ध्रुव दोनदा तपासून. जुन्या बोर्डांचे तांब्याचे ट्रॅक जास्त तापवलं की उचलले जातात, म्हणून तापमान बेताचं आणि आधी विक. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतात, पण कॅपॅसिटर घेताना ब्रँडचं नाव पाहून विश्वास टाकू नका. विकत घेतल्याबरोबर मीटरवर मोजा. नव्या वेष्टनातला जुना माल सर्रास निघतो.

पुरवठ्याचे मोठे कॅपॅसिटर मात्र वेगळ्या कारणाने बघावे लागतात, ते म्हणजे गुणगुण. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झची. रेक्टिफायरनंतरची गुणगुण १०० हर्ट्झची आणि जरा खरबरीत असते, तर अर्थ लूप (दोन वाटांनी जोडली गेलेली अर्थ) किंवा टर्नटेबलची सुटलेली अर्थ वायर ५० हर्ट्झची जाड, घुमणारी गुणगुण देते. फोनवर दोन्ही टोन वाजवून कानाने जुळवा. शंभर असेल तर फिल्टर कॅपॅसिटर बदला, पन्नास असेल तर आत काहीही बदलू नका, बाहेरच्या तारा आणि अर्थिंग बघा. आणि गुणगुण घालवायला तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर तो जिवाशी खेळ आहे. ऐकू नका.

झालं हे कधी म्हणायचं

दुरुस्तीनंतर लगेच आवाज येणं हा पुरावा नाही, तो तर थापटीनेही येत होता. ज्या जागी पेन्सिल टोचल्यावर खरखर यायची तिथेच पुन्हा टोचा. यंत्र रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी कुठलंही बटण न दाबता, अगदी कमी आवाजात, डिस्कच्या इनपुटवर ऐका. पापुद्रा असेल तर थंड यंत्रात आणि लहान सिग्नलवरच तो सापडतो. ४०० हर्ट्झचा टोन देऊन दोन्ही बाजूंची मापं कागदावर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वर्षी तुम्ही असा किंवा दुसरं कुणी, सुरुवात त्या आकड्यांपासून करेल.

जून ते सप्टेंबर यंत्र बासनात गुंडाळून ठेवू नका. रोज तासभर चालू राहिलं की आतली ऊब दमटपणा बाहेर ठेवते. भिंतीला टेकलेलं कपाट टाळा, मागे चार बोटं जागा सोडा. महिन्यातून एकदा सगळी बटणं आणि पॉट यंत्र बंद असताना टोकापासून टोकापर्यंत फिरवा. मागच्या पाट्या मात्र दोष नसताना काढू-घालू नका, प्रत्येक वेळी मुलामा थोडा थोडा झिजतो.